ब्रेक ऑइल बदलले: होय

रविवारी अकराच्या सुमारास थोरली नवऱ्याला घेऊन माहेरी पोचली, तेव्हा धाकट्या भावाची काळी गाडी घराशेजारच्या शेडमध्ये चार लोखंडी स्टँडवर उभी होती आणि तिची चारही चाकं भिंतीला टेकवून ओळीने ठेवलेली होती. हीच गाडी शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या वर्कशॉपमधून पूर्ण सर्व्हिसिंग होऊन, धुऊनपुसून बाहेर पडली होती. कागदावर सही थोरलीच्या नवऱ्याची होती. तिथला सर्व्हिस मॅनेजर तोच.

नवऱ्याने गाडीकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं, आणि हातातली फळांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पंक्चर असेल," तो म्हणाला.

"चारही?"

"असतं कधीकधी."

आई दारातच उभी होती. "आत या आधी. आणि जेवणं होईपर्यंत कुणी काही विचारायचं नाही. त्यांनाही तसं बजावलंय मी."

"मग बाबा काय म्हणाले?"

"बरं म्हणाले. आता त्यांचं बरं म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको."

थोरलीला माहीत होतं. वडील चौतीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांतली शेवटची अठरा वर्षं फोरमन, आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्यांना फोरमनच म्हणत. धाकट्याने दोन वर्षांपूर्वी ही महागडी गाडी घेतली, तेव्हा त्यांनी पेढे वाटावेत तशा आनंदाने स्वतःचे पाने घासूनपुसून ठेवले होते. धाकटा दातांचा डॉक्टर. त्याने गाडीची चावी मुठीत घट्ट धरून सांगितलं होतं, "बाबा, हिला हात लावायचा नाही. बाहेरच्या कुणी पाना लावला की वॉरंटी गेली." फोरमन म्हणाले होते, "बाहेरच्या." एवढंच. पण तो शब्द तेव्हापासून त्या घरात एखाद्या जास्तीच्या खुर्चीसारखा पडून होता, आणि येणाराजाणारा त्याला अडखळत होता.

"जावईबुवा," शेडमधून आवाज आला, "दोन मिनिटं येता का? हात खराब करायचे नाहीत. नुसतं बघायचं."

"जेवण झाल्यावर," आई म्हणाली.

"जेवण झाल्यावर त्यांना बघवणार नाही."

नवरा निघाला, आणि मागोमाग थोरली.

फोरमन जुना निळा डगला घालून उभे होते. हातात वर्कशॉपचा तपासणीचा कागद होता. त्यावर बत्तीस ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे खूण.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"सतरावी ओळ वाचता जरा?"

नवऱ्याने वाचली. "ब्रेक ऑइल बदलले. होय."

"बदललं?"

पँट गुडघ्याशी जरा वर ओढून नवरा पुढच्या चाकाच्या जागी उकिडवा बसला. फोरमननी टॉर्च धरला. ब्रेकच्या मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा एक निपल असतो. त्या निपलच्या मुळाशी लाल, चकचकीत ठिपका होता.

"हे काय?" थोरलीने विचारलं.

"नेलपॉलिश," फोरमन म्हणाले. "बुधवारी लावलं, गाडी तिकडे जायच्या आदल्या दिवशी. ऑइल बदलायचं तर हा निपल सैल करावा लागतो. सैल केला की पॉलिशला तडा जातो. चार चाकं, चार ठिपके. एकालाही तडा नाही."

"तुम्ही नेलपॉलिश कुठून आणलंत?"

"माझं आहे," शेडच्या दारातून भावजय म्हणाली. "रंग आवडला नव्हता, पडूनच होतं."

म्हणजे हे सकाळी उठून सुचलेलं नव्हतं, हे थोरलीच्या लक्षात आलं. बुधवारपासून सापळा लावलेला होता, आणि त्यात भावजय सामील होती. भावजय पोहण्याचे वर्ग घेई. टेकडीपलीकडच्या तलावावर रोज तीच ही गाडी नेत असे. उतारावर ब्रेक स्पंजासारखा दबतो अशी तक्रार तिने महिनाभर केली होती. डॉक्टरने तिला कंपनीवर विश्वास ठेवायला सांगितलं होतं. सासऱ्यांनी काही न सांगता नेलपॉलिश मागितलं होतं.

नवरा उठला आणि गुडघे झटकत म्हणाला, "नाही बदललेलं."

तेवढ्यात डॉक्टर दवाखान्यातून आला. गाडी पाहून त्याचा चेहरा असा झाला की बघणाऱ्याला त्याचीच एखादी दाढ दुखतेय असं वाटावं.

"बाबा! आठ महिने राहिले होते वॉरंटीचे. आठ महिने! तेवढं थांबवत नव्हतं तुम्हाला?"

"तुझ्या बायकोला थांबवत नव्हतं. म्हणजे गाडी थांबवता येत नव्हती."

फोरमननी कागद दाखवला, निपल दाखवले, ठिपके दाखवले. एक्सरे बघावा तसं डॉक्टरने सगळं बघितलं. मग त्याचा राग सगळाच्या सगळा उचलून वडिलांवरून मेहुण्यावर गेला.

"भाऊजी, हे काय आहे?"

"दिवसाला चाळीस गाड्या जातात. शुक्रवारी पंचावन्न होत्या. मी बघून सही केली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे न बघता केली."

"मी पेशंटच्या तोंडात न बघता दात काढला तर चालेल?"

"तू समोरच्या मास्तरांचा चांगला दात काढला होतास," स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई म्हणाली.

"आई, तो वेगळा विषय आहे!"

"मास्तर अजून डाव्या बाजूनेच जेवतात."

आई जावयाच्या बाजूने आहे हे यावरून सगळ्यांना कळलं. जावई कितीही चुकला तरी तो आपल्याकडे जेवायला आलेला आहे, आणि जेवायला आलेल्या माणसाची सही तपासू नये, असं तिचं सरळ मत होतं.

डॉक्टर तणतणत गाडीचं दार उघडून आत बसला. ब्रेक खरंच खराब आहे का, ते त्याला स्वतः बघायचं होतं.

"आत बसू नकोस," फोरमन ओरडले. "मागचा डावा ब्रेक मी खोललाय."

"माझी गाडी आहे," म्हणत डॉक्टरने गाडी सुरू केली आणि सवयीने पार्किंग ब्रेकचं बटण ओढलं. चारही चाकं भिंतीला टेकलेली असताना गाडी घरंगळून कुठे जाईल असं त्याला वाटलं, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही.

मागे एक बारीक मोटार घुंऽऽ करून फिरली. ब्रेकचा पिस्टन हळूहळू बाहेर आला. त्याला अडवणारी पॅड फोरमननी काढून शेजारी वर्तमानपत्रावर ठेवलेली होती. पिस्टन आणखी बाहेर आला आणि टप्पकन जमिनीवर पडला. पाठोपाठ ब्रेक ऑइल. ते कोऱ्या काळ्या चहासारखं पसरत गेलं.

"बघा," फोरमन म्हणाले. "रंगावरूनच कळतं."

पुढची वीस मिनिटं फोरमन त्या पिस्टनशी झगडले. पुसला, ऑइल लावलं, फिरवून पाहिला, दाबून पाहिला. तो निम्मा आत जाई आणि अडकून बसे. फोरमनच्या कपाळावरची शीर वर आली. सगळे बघत होते, आणि बघत नसल्यासारखं करत होते.

"मोटारीचा स्क्रू बाहेर आलाय," नवरा शेवटी म्हणाला. "तो मागे न्यायला कॉम्प्युटर लागतो. त्याशिवाय बसणार नाही."

"पूर्वी हाताने बसायचा."

"पूर्वी केबल होती."

"केबलला काय झालं होतं?"

"काहीच झालं नव्हतं," नवरा म्हणाला. "मी वर्कशॉपमधून कॉम्प्युटर घेऊन येतो."

"आणा," डॉक्टर म्हणाला. "पण भाऊजी, उद्या सकाळी मी तुमच्या वरच्यांना लिहिणार. घरचा माणूस आहे म्हणून गप्प बसणार नाही. रोज माझी बायको या गाडीतून उतारावरून जाते."

ते खरं होतं.

थोरलीने आपली छोटी गाडी काढली. वळणावरचं औषधांचं दुकान मागे पडलं.

"तू का बोलला नाहीस?" तिने विचारलं.

"कशाबद्दल?"

"तुला माहीत आहे कशाबद्दल."

दोन महिन्यांपूर्वी फोरमननी या छोट्या गाडीचं ऑइल बदललं होतं. गेली बारा वर्षं तेच बदलत. तिसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना समोर लाल दिवा लागला आणि थोरलीने जिथल्या तिथे गाडी बंद केली. नवरा आला, खाली वाकला. इंजिनच्या तळाचा प्लग नुसता बोटाने फिरत होता आणि रस्ताभर ऑइल सांडत आलं होतं. त्याने प्लग कसला, नवीन ऑइल भरलं, आणि म्हणाला, "बाबांना सांगू नकोस. कळलं तर ते परत शेडमध्ये पाऊल टाकणार नाहीत." तेव्हापासून तिची गाडी नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊ लागली. वडिलांना तिने सांगितलं, तिकडे जवळ पडतं. वडील म्हणाले, बरं.

"तेवढं एक वाक्य बोलला असतास तर सगळे गप्प झाले असते," ती म्हणाली.

"झाले असते. पण माझी सही खोटी आहे ती खोटीच राहिली असती."

"नोकरी जाईल तुझी."

"जाईल किंवा नाही जाणार. तू मात्र काही बोलू नकोस. त्यांचं दुसरं काय आहे त्या शेडशिवाय?"

थोरलीने गिअर बदलला. तिने कबूल केलं असं नवऱ्याने धरलं. चौदा वर्षांच्या संसारात त्याला एवढं तरी कळायला हवं होतं.

वर्कशॉप रविवारचं बंद होतं. पहारेकऱ्याने वही पुढे केली. वस्तू बाहेर नेण्याचं कारण लिहायच्या जागी नवरा बराच वेळ पेन धरून थांबला. मग त्याने लिहिलं: 'आमचं राहिलेलं काम करायला.'

ती दोघं परत आली तेव्हा डॉक्टर शेडमध्येच स्टुलावर बसून फोनवर पत्र लिहीत होता आणि बायकोला वाचून दाखवत होता. "'आपल्या सर्व्हिस मॅनेजरचा अक्षम्य निष्काळजीपणा.' अक्षम्य बरोबर आहे ना?"

"पत्र नंतर," फोरमन म्हणाले. "मला जावईबुवांना एक विचारायचंय. सगळ्यांसमोरच विचारतो. बारा वर्षं माझी पोरगी तिची गाडी माझ्याकडे आणत होती. तुम्ही ते बंद का केलंत?"

नवऱ्याने कॉम्प्युटरची पेटी खाली ठेवली. "मी बंद नाही केलं. वर्कशॉप तिच्या वाटेवर पडतं."

"बारा वर्षं नव्हतं पडत?"

"तेव्हाही पडत होतं."

"मग? म्हाताऱ्याच्या हातात गाडी देणं बरं दिसत नाही, असंच ना? आणि स्वतः मात्र न बघता—"

"बाबा, प्लग सैल होता," थोरली म्हणाली.

नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

"कुठला प्लग?"

"ऑइलचा. माझ्या गाडीचा. तुम्ही ऑइल बदललंत त्या वेळचा. तिसऱ्या दिवशी दिवा लागला. यानेच येऊन नीट केलं आणि तुम्हाला सांगायचं नाही म्हणाला. आज सकाळपासून तुम्ही त्याला उलटसुलट बोलताय आणि तो गप्प बसून ऐकतोय. मला नाही ऐकवत."



फोरमननी मुलीकडे पाहिलं नाही. ते जावयाकडे वळले. "किती सैल?"

"बोटाने फिरत होता."

"वॉशर?"

"नवीन होता. नीट बसलेला होता."

"म्हणजे कसायचा राहिला."

"घट्ट झालाय असं वाटलं असेल तुम्हाला."

फोरमननी उजवा हात समोर धरला, मूठ मिटली, उघडली. दुसऱ्याच कुणाचा हात तपासत असल्यासारखी पुन्हा मिटली.

"इंजिन?"

"वाचलं. दिवा लागल्या लागल्या तिने बंद केलं."

"ते बरं केलंस," ते मुलीला म्हणाले, आणि जॅकशेजारच्या लाकडी खोक्यावर बसले. आई दारात येऊन उभी होती. जेवण गार होतंय, हे ती पहिल्यांदाच म्हणाली नाही.

फोरमन म्हणाले, "सांगायला हवं होतं तुम्ही. डेपोत माझ्या हाताखालच्या कुणी प्लग सैल सोडला असता, तर मी त्याला सगळ्यांसमोर उभा केला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं," नवरा म्हणाला.

"म्हणजे आता दोघंही—" डॉक्टरने सुरुवात केली.

"तू ते पत्र पूस आधी," भावजय म्हणाली.

"का पुसू? सही खोटी आहे ती आहेच ना?"

"त्याचं बरोबर आहे," नवरा म्हणाला. "पण पत्र मी लिहितो. बाकीच्या गाड्यांचे नंबर माझ्याकडे आहेत. तुला फक्त तुझाच माहीत आहे."

डॉक्टरने फोन खिशात टाकला, आणि एवढा राग आता कुठे ठेवावा ते न कळून कोपऱ्यातला झाडू उचलून सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा पसरू लागला.

नवऱ्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. कॉम्प्युटरची वायर गाडीला जोडली, दोन बटणं दाबली. मोटार घुंऽऽ करून उलटी फिरली. पिस्टन खोबणीत बसवायला त्याने फोरमनना हाक मारली नाही, नुसती थोडी जागा करून दिली. फोरमन उठून शेजारी बसले. एकाने धरला, एकाने दाबला. तो बसला.

आता ब्रेकमधली हवा काढून नवं ऑइल भरायचं होतं. त्याला दोन माणसं लागतात. एक आत बसून पॅडल दाबतो, दुसरा खाली निपल उघडतो आणि मिटतो.

"मी आत बसतो," फोरमन म्हणाले. "पाय शाबूत आहे."

नवरा त्या इस्त्रीच्या पँटमध्ये आडवा होऊन गाडीखाली सरकला. तो प्लग कसायला वाकला होता तेवढं सोडलं, तर अकरा वर्षांत तो गाडीखाली गेला नव्हता.

"दाबा," खालून आवाज आला. "दाबून धरा, बाबा. आता सोडा तुम्ही."

"अरे, दाबा-धरा काय लावलंयस?" फोरमन वरून ओरडले. "तुझा मान देऊन होईपर्यंत हवा आत जाईल. दाब म्हण!"

चौदा वर्षांत ते जावयाला कधी 'तू' म्हणाले नव्हते. आपण म्हणालो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मग खालून आवाज आला, "दाब!"

"दाबला."

"धर!"

"धरलाय."

"सोड!"

"अरे देवा," आई म्हणाली. सासऱ्याला असं बोलणारा जावई तिने ऐकला नव्हता. ती आत निघून गेली आणि खिडकी लावून घेतली.

चार चाकांना मिळून दीड तास लागला. बाटलीत काळं ऑइल येत होतं, मग तांबूस, मग पिवळसर, मग पाण्यासारखं स्वच्छ. एकेक निपल मिटला की भावजय वाकून तो स्वतः बघे आणि मगच पुढच्या चाकाला हात लावू देई. शेवटी चाकं चढवल्यावर ती स्वतः गाडी चालवून उताराच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन आली. खाली उतरली, आणि म्हणाली, "थांबते." मग तिने दोघांपैकी कुणाचेही आभार न मानता हात धुतले आणि सगळ्यांची पानं वाढायला घेतली.

सोमवारी नवऱ्याने पत्र लिहिलं. महिनाभरात ब्रेक ऑइल बदलल्याची खूण झालेल्या एकशे नव्वद गाड्या परत बोलावून तपासल्या गेल्या, आणि एकतीस गाड्यांत जुनंच ऑइल निघालं. कंपनीने त्याला काढलं नाही. प्रामाणिकपणाबद्दल त्याचं लेखी कौतुक केलं आणि खुर्चीवरून उठवून सहा महिन्यांसाठी खाली मेकॅनिकांत पाठवलं. डॉक्टरच्या गाडीची वॉरंटी ब्रेकपुरती गेली, बाकीची राहिली. हे त्याने येईल त्या पेशंटला सांगितलं. पेशंटच्या तोंडात बहुतेक कापूस असे, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

फोरमन तीन आठवडे शेडमध्ये गेले नाहीत. चौथ्या आठवड्यात थोरली गाडी सर्व्हिसिंगला द्यायला निघाली, तेव्हा ते चपला घालून बाहेर उभे होते.

"मीही येतो. घरी बसून तरी काय करायचं?"

वर्कशॉपच्या प्रतीक्षागृहाला जमिनीपासून छतापर्यंत काच होती. पलीकडे ग्राहकांना जायला बंदी होती. फोरमननी कॉफी घेतली आणि काचेला नाक लागेल इतक्या जवळ खुर्ची ओढून बसले. पलीकडे जावई निळ्या डगल्यात गाडीचं चाक बसवत होता. त्याच्या हातात ठरलेल्या जोरावर टक् वाजणारा लांब पाना होता. बोल्ट पुरेसा कसला गेला की पाना वाजतो, म्हणजे मनगटावर भरवसा ठेवावा लागत नाही. त्याने पहिला बोल्ट कसला. दुसरा कसला.

फोरमननी काचेवर बोटाने टकटक केली. जावयाने मान वर केली. फोरमननी कानाकडे बोट दाखवून हात हलवला. ऐकू येत नाही.

जावयाने इकडेतिकडे पाहिलं. मग शेजारचा एक टायर घरंगळत आणून त्याने काचेचं दार उघडलं आणि त्यात टायर अडकवून ठेवला. 'हे दार नेहमी बंद ठेवावे' ही पाटी टायरच्या बरोबर वर आली. काउंटरवरची मुलगी उठून उभी राहिली, थोरलीने तिला हातानेच बसायला सांगितलं.

जावई परत चाकाशी गेला, दोन्ही बोल्ट सैल केले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

टक्.

"एक," फोरमन म्हणाले.